अननोन-ब्लॉक(०,०): फॉरमॅट मारण्याआधी कंसातले आकडे वाचा

प्रश्न थोडक्यात असा. महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत उबुंटूचा (लिनक्सचा एक प्रकार) एक सर्व्हर आहे. अपडेट चालू असताना वीज गेली, यूपीएसची बॅटरी म्हातारी, त्यामुळे सर्व्हर मध्येच बंद पडला. वीज दुसऱ्या दिवशी आली. आता चालू केला की पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर सरकतात आणि 'कर्नल पॅनिक - नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)' या ओळीपाशी सगळं थिजतं. पाच वेळा बंद-चालू केलं, पाचही वेळा तेच. हार्डवेअरवाला म्हणतो डिस्क गेली, नवी घालून फॉरमॅट मारू. मुलांची प्रोजेक्टं त्यावर आहेत आणि शेवटचा बॅकअप तीन महिन्यांपूर्वीचा.

फॉरमॅट आजच्यापुरता थांबवा. तुमची डिस्क बहुतेक ठणठणीत आहे. धीर द्यायला म्हणत नाही, तुम्ही लिहून पाठवलेल्या त्या एका ओळीतूनच ते कळतं.

आधी 'नॉट सिंकिंग' या शब्दांबद्दल, कारण निम्मे लोक तिथेच घाबरतात. काहीतरी जुळत नाहीये, सिंक बिघडलंय, असा त्याचा अर्थ काढला जातो. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तिथे एवढंच सांगतो की मी आता कोलमडतोय आणि मेमरीत राहिलेलं काहीही डिस्कवर लिहिणार नाही. हे मुद्दाम केलेलं असतं. ज्याचं स्वतःचंच डोकं ठिकाणावर नाही त्याने डिस्कवर हात चालवू नये, म्हणून. तुमच्या बाबतीत तर रूट पार्टिशन (डिस्कचा मुख्य भाग, जिथे सगळी प्रणाली असते) माउंटच झालेलं नाही, जोडलंच गेलेलं नाही, म्हणजे पाचही वेळा मुलांच्या फायलींना कुणी हातसुद्धा लावलेला नाही.

आता घोडं कुठे अडलंय ते बघू. सर्व्हर चालू केल्यावर आधी मदरबोर्डवरचं फर्मवेअर जागं होतं, ते ग्रबला (कर्नल सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला) उठवतं, आणि ग्रब डिस्कवरच्या दोन फायली मेमरीत आणतो: एक कर्नल, दुसरी इनिटआरडी. मग कर्नलच्या हाती सूत्रं देऊन ग्रब बाजूला होतो. कर्नलला आता तुमचं रूट पार्टिशन हवं असतं. पण ते एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) डिस्कवर असेल, एलव्हीएममध्ये (डिस्कची जागा वाटून देणाऱ्या व्यवस्थेत) असेल, एन्क्रिप्ट केलेलं असेल. ते उघडायला लागणारे ड्रायव्हर बऱ्याचदा मॉड्यूलच्या (वेगळ्या फायलींच्या) रूपात त्याच पार्टिशनवर पडलेले असतात. कपाटाची किल्ली कपाटातच. म्हणून इनिटआरडी. ती कर्नलची शिदोरी आहे. तिच्यात छोटंसं रूट, गरजेपुरते ड्रायव्हर आणि खरं रूट शोधणारी स्क्रिप्ट बांधून दिलेली असते. कर्नल ती मेमरीत सोडतो, आतली स्क्रिप्ट डिस्क शोधते, माउंट करते आणि पुढचा कारभार सिस्टमडीकडे (बाकीच्या सेवा सुरू करणाऱ्या पहिल्या प्रोसेसकडे) सोपवते.

या शिदोरीतली मेख अशी की उबुंटूच्या बूटच्या ओळीत रूट पार्टिशनची ओळख सहसा फाइलसिस्टीमच्या यूयूआयडीने (लांबलचक ओळख-क्रमांकाने) दिलेली असते, आणि ती ओळख कर्नलला स्वतःला वाचताच येत नाही. पार्टिशन टेबलमधला पार्ट-यूयूआयडी त्याला कळतो, फाइलसिस्टीमचा यूयूआयडी कळत नाही. ते काम शिदोरीतल्या स्क्रिप्टचं. शिदोरीच आली नाही तर कर्नल त्या लांबलचक आकड्याकडे बघत राहतो, कुठलंच उपकरण त्याच्या हाती लागत नाही, आणि उपकरण क्रमांकाच्या जागी तो शून्य, शून्य छापतो. कंसातल्या (०,०)चा अर्थ हा.

उलट बाजू बघा. शिदोरी नीट आली असती आणि डिस्क खरोखर मेली असती, तर तुम्हाला पॅनिक दिसलाच नसता. स्क्रिप्टने थोडा वेळ वाट पाहिली असती, 'रूट फाइलसिस्टीमची वाट बघून थकलो' अशा अर्थाची ओळ आणि अमुक यूयूआयडी अस्तित्वात नाही असा इशारा छापला असता, आणि तुम्हाला बिझीबॉक्सच्या (आणीबाणीपुरत्या छोट्या शेलच्या) प्रॉम्प्टवर सोडलं असतं, ज्याच्या आधी कंसात 'इनिटरॅमएफएस' लिहिलेलं असतं. तेव्हा उबुंटू, डेबियनसारख्या तयार डिस्ट्रोवर (०,०) दिसला की माझा पहिला संशय नेहमी इनिटआरडीवर: ती बनलीच नाही, अर्धवट बनली, किंवा मेमरीत पोचली नाही. शिवाय कर्नलची फाइल आली कुठून? त्याच डिस्कवरून ग्रबने वाचूनच आणली ना. (बूट पार्टिशन वेगळ्या डिस्कवर असेल तर हा युक्तिवाद लंगडा पडतो, हे मान्य.)

एकदा हे ध्यानात आलं की तुमची गोष्ट सरळ जुळते. अपडेटमध्ये नवा कर्नल आला, त्याची फाइल बूट फोल्डरमध्ये पडली, आणि इनिटआरडी बांधून पुरी होण्याआधी वीज गेली. मेन्यूत नव्या कर्नलची नोंद आहे, पण तिच्या पोटात इनिटआरडीची ओळ नाही, किंवा ओळ आहे आणि फाइल फाटकी. वीज न जाताही हे घडतं, बूट पार्टिशन भरलं की. उबुंटू मांडताना कुणी बूटला वेगळं अर्धा-एक जीबीचं पार्टिशन देतं, वर्षभर कर्नल साठत जातात, आणि एके दिवशी नवी इनिटआरडी लिहायला जागाच उरत नाही. अपडेट तेव्हा 'नो स्पेस लेफ्ट' म्हणून ओरडतं, पण ती ओळ शंभर ओळींच्या गर्दीत निघून जाते. मशीन मात्र चालूच असतं, कारण जुना कर्नल मेमरीत आहे. महिन्याभराने कुणीतरी रीस्टार्ट करतं आणि खापर त्याच्या डोक्यावर फुटतं.

आता हात घाला. (आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे लिहितोय, स्पेलिंग तुम्ही रोज टाइप करताच.)

पहिलं काम ग्रबचा मेन्यू आणणं. यूईएफआय (नव्या पद्धतीचं फर्मवेअर) मशीनवर चालू करताच एस्केप, जुन्या बायोसवर शिफ्ट दाबून धरायचं. एस्केप जरा जास्त वेळा दाबलं गेलं तर मेन्यूऐवजी ग्रबचा प्रॉम्प्ट येतो. घाबरू नका, 'नॉर्मल' टाइप करून एंटर दाबा, मेन्यू परत येईल. तिथे 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जा. आधीचा कर्नल यादीत असेल तर तो निवडा. माझा अनुभव असा की अपडेटमध्ये बिघडलेली निम्म्याहून अधिक मशीनं इथेच उठतात, आणि लोकांना ही यादी आहे हेच ठाऊक नसतं.

जुन्या कर्नलने उठला तर पुढचं काम दहा मिनिटांचं आहे. पण त्याआधी, वाटल्यास दुप्पट वेळ घेऊन, मुलांची प्रोजेक्टं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. मग 'डीएफ -एच' देऊन बूट किती भरलंय ते पाहा, 'एलएस -एल' देऊन बूट फोल्डरमधल्या फायली मांडा आणि प्रत्येक व्हीएमलिनुझला (कर्नलच्या फायलीला) त्याच क्रमांकाची इनिटआरडी जोडीदार म्हणून आहे का, तिचा आकार बाकीच्यांच्या आसपास आहे का, एवढं बघा. एखादी शून्य बाइटची किंवा इतरांच्या पावपट दिसली की चोर सापडला.

जुनाही कर्नल पडला तर मेन्यूत ती नोंद निवडून 'ई' दाबा. बूटची नोंद उघडेल. तिच्यात 'लिनक्स'ने सुरू होणारी एक ओळ आणि तिच्या खाली 'इनिटआरडी'ने सुरू होणारी दुसरी, अशा दोन असायला हव्यात. दुसरी नसेल आणि तुम्हाला खात्री असेल की फाइल डिस्कवर आहे, तर ती ओळ हाताने टाइप करून कंट्रोल-एक्स दाबता येतं. ग्रबमध्ये टॅब दाबला की फायलींची नावं पुरी होतात, त्यामुळे आकडे पाठ असायची गरज नाही. इथे केलेला बदल त्या एका बूटपुरताच असतो, तेव्हा प्रयोग करायला भिऊ नका.

तेही जमलं नाही तर पेनड्राइव्हवरून लाइव्ह उबुंटू. शक्यतो सर्व्हरवर आहे तीच आवृत्ती घ्या, आणि मेन्यूत 'इन्स्टॉल' नव्हे, 'ट्राय'. टर्मिनल उघडून 'एलएसबीएलके -एफ' द्या. कुठलं पार्टिशन कुठल्या फाइलसिस्टीमचं, ते समोर येईल. तुमची डिस्क आणि तिच्यातलं एक्स्ट-४चं रूट इथे दिसलं तर हार्डवेअरवाल्याला तेवढ्यावरच चहा पाजून परत पाठवा. रूट पार्टिशन एमएनटीवर माउंट करा, बूट वेगळं असेल तर ते एमएनटीच्या आतल्या बूटवर, ईएफआय पार्टिशन त्याच्या आतल्या ईएफआयवर. मग डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन हे चारही 'माउंट --बाइंड'ने आत जोडा, आणि 'सीएचरूट'ने आत शिरा. आता टर्मिनलमध्ये तुम्ही तुमच्याच सर्व्हरच्या घरात आहात, कर्नल फक्त पेनड्राइव्हवरचा उसना.

दोन ठिकाणी लोक इथे फसतात. एलव्हीएम असेल तर आधी 'व्हीजीचेंज -ए वाय' दिल्याशिवाय पार्टिशनं दिसतच नाहीत. आणि डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर 'क्रिप्टसेटअप'ने उघडताना तिला तेच नाव द्या जे तिच्या क्रिप्टटॅब फाइलमध्ये लिहिलंय. भलतंच नाव दिलंत तर माउंट होतं, सगळं सुरळीत वाटतं, पण नव्या इनिटआरडीत कुलूप उघडायची साधनं घातली जात नाहीत आणि पुढच्या बूटला पासवर्ड विचारणारा कुणी उरत नाही. एकदा यात मी अख्खी दुपार घालवली आहे.

आत शिरल्यावर आधी जागा करा. बूट शंभर टक्के भरलेलं असेल तर 'एपीटी ऑटोरिमूव्ह'सुद्धा अडकू शकतं, कारण साफसफाईच्या आधी ते अर्धवट राहिलेलं काम पुरं करायला जातं आणि त्याला जागा लागते. अशा वेळी सर्वांत जुन्या कर्नलची एक इनिटआरडी हाताने उडवायला माझी हरकत नसते. फाइल काय, पुन्हा बांधता येते. पण व्हीएमलिनुझ किंवा मॉड्यूलचं फोल्डर हाताने उडवू नका, ते पॅकेज मॅनेजरलाच काढू द्या. त्यानंतर 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' द्या म्हणजे वीज गेल्यामुळे लटकलेली पॅकेजं मार्गी लागतील. मग 'अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के' आणि पुढे कर्नलचा पुरा क्रमांक. इथे '-सी' हवं, '-यू' नव्हे. '-यू' म्हणजे असलेली अद्ययावत कर, आणि नसलेली ती करत नाही. दुसरी गंमत: '-यू'ला '-के' आणि क्रमांक दिला नाही तर ती स्वतःच्या बुद्धीने आवृत्ती निवडते, आणि ती तुम्हाला हवी तीच असेल असं नाही. पुरा क्रमांक लिहा. शेवटी 'अपडेट-ग्रब', आणि त्याच्या उत्तरात प्रत्येक कर्नलच्या ओळीखाली इनिटआरडीची ओळ छापली जाते की नाही ते डोळ्यांनी बघा. बाहेर या, सगळं अनमाउंट करा, रीस्टार्ट.

फेडोरा किंवा त्याच्या कुळातलं काही असेल तर हेच काम 'ड्रॅकट' करतं, आर्चवर 'एमकेइनिटसीपीआयओ'. नावं वेगळी, शिदोरी तीच.

फाइल आहे, आकार ठीक आहे, तरी (०,०) येतोय, असंही होतं. मग पॅनिकच्या आधीचे काही क्षण बघा. ग्रब कधी कधी 'एरर: आउट ऑफ मेमरी' असं छापतो, कुठलीही कळ दाबा म्हणतो, आणि काही सेकंदांनी इनिटआरडीशिवायच पुढे जातो. सर्व्हरमध्ये ३२ जीबी रॅम असली तरी. ग्रब बिचारा फर्मवेअरने दिलेल्या तुकड्यातच खेळतो, आणि ग्राफिक्सच्या फर्मवेअर फायलींनी इनिटआरडी फुगली की त्याचा तोल जातो. उपाय: इनिटरॅमएफएसच्या कॉन्फमध्ये 'मॉड्यूल्स' या सेटिंगला 'मोस्ट'च्या जागी 'डेप' द्यायचं, म्हणजे याच मशीनला लागणारे ड्रायव्हर तेवढे भरले जातात आणि फाइल बरीच बारीक होते. बदल्यात ही डिस्क उचलून दुसऱ्या मशीनमध्ये घातली तर ती उठेलच असं नाही. प्रयोगशाळेत डिस्का फिरवायची सवय असेल तर हे लक्षात असू द्या.

तसंच इनिटआरडी ज्या पद्धतीने आवळली (कॉम्प्रेस केली) आहे ती कर्नलला उलगडता यायला हवी. झेडएसटीडीने आवळलेली इनिटआरडी कर्नल ५.९ पासून, म्हणजे २०२० च्या अखेरीपासून चालते. त्याआधीचा कर्नल हट्टाने ठेवला असेल आणि इनिटआरडी नव्या पद्धतीने बांधली गेली, तर शिदोरी आहे पण गाठ सुटत नाही. 'इनिटरॅमएफएस अनपॅकिंग फेल्ड' ही ओळ पॅनिकच्या बरीच वर सापडते. उबुंटू २०.०४ वर मात्र याच ओळीच्या शेवटी 'डीकोडिंग फेल्ड' असं येऊनही मशीन मजेत उठायचं. एलझेड४ या आवळण्याच्या दुसऱ्या पद्धतीच्या बाबतीतली ती निरुपद्रवी कुरकुर होती. म्हणजे ओळ दिसली की लगेच तीच धरून बसू नका.

यावरून माझी एक जुनी फजिती सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी चाकणच्या एका कारखान्यातल्या सर्व्हरवर असाच पॅनिक आला. पडद्याच्या तळाशी 'कॉल ट्रेस' (कुठल्या फंक्शनने कुणाला बोलावलं त्याची यादी) होता. मी तो वहीत उतरवून घेतला: पॅनिक, माउंट-ब्लॉक-रूट, प्रिपेअर-नेमस्पेस, कर्नल-इनिट. रात्रभर बसून एकेक फंक्शन सोर्समध्ये शोधलं. पहाटे कळलं की रूट न मिळाल्यावर पॅनिकपर्यंत जायची ठरलेली वाट हीच आहे, जगातल्या प्रत्येक मशीनवर जवळपास तशीच दिसते. खरं कारण त्याच्या वीसेक ओळी वर होतं आणि पडद्यावरून कधीच निघून गेलं होतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तेव्हापासून ट्रेस आला की मी आधी विचारतो, हा अपघाताचा पंचनामा आहे की नुसती अंत्ययात्रेची यादी?

वर निघून गेलेल्या ओळी मिळवायचे सोपे मार्ग आहेत. पहिला, फोन. पडद्यावर रोखून स्लो-मोशनमध्ये व्हिडिओ घ्या आणि मग एकेक फ्रेम सरकवा. हसू नका, मी आजही हेच करतो. दुसरा, 'ई' दाबून लिनक्सच्या ओळीतून 'क्वायेट' आणि 'स्प्लॅश' काढा आणि 'इग्नोर_लॉगलेव्हल' जोडा. ओळी फारच पळत असतील तर 'बूट_डिले=१००' दिलं की प्रत्येक ओळीमागे तेवढे मिलिसेकंद थांबतो. तिसरा, सर्व्हरला रिमोट मॅनेजमेंटचं कार्ड असेल तर सीरियल कन्सोल: 'कन्सोल=टीटीवायएस०,११५२००' दिलं की सगळं बोलणं दुसऱ्या मशीनवर फायलीत पकडता येतं. केडम्प (पॅनिकच्या वेळची मेमरी जतन करणारी सोय) लावलाय म्हणून निश्चिंत असाल तर सांगतो, इथे तो उपयोगाचा नाही; त्याचा राखीव कर्नल मशीन बरंच वर आल्यावर भरला जातो, आणि हा पॅनिक त्याच्या कितीतरी आधीचा. अलीकडे एक सोय झाली आहे. २०२४ मध्ये कर्नल ६.१० पासून ग्राफिक पडद्यावर पॅनिकचा संदेश नीट दाखवायची यंत्रणा आली, आणि ६.१२ पासून तो मजकूर क्यूआर कोडमध्येही देता येतो.

आता कंसात दुसरे आकडे असतील तर काय, तेही लिहून ठेवतो, कारण तुमच्या प्रयोगशाळेत हे एकच मशीन नसणार. पहिला आकडा उपकरणाची जात, दुसरा त्यातला क्रमांक. ८ म्हणजे साटा किंवा स्कझीच्या रांगेतली डिस्क, तेव्हा (८,२) हे पहिल्या डिस्कचं दुसरं पार्टिशन. २५९ बहुतेक वेळा एनव्हीएमई. १७९ म्हणजे मेमरी कार्ड, आणि (१७९,२) हा रास्पबेरी पायवाल्यांचा नेहमीचा पाहुणा. शून्य सोडून काहीही असलं तर कर्नलला जागा सापडली आहे पण तिथलं वाचता येत नाहीये: त्या फाइलसिस्टीमचा ड्रायव्हर नाही, किंवा फाइलसिस्टीमच बिघडली. इथे मात्र डिस्कवर संशय घ्यायला जागा आहे. लगेच एफएससीके (फाइलसिस्टीम दुरुस्त करणारी आज्ञा) मारू नका. आधी स्मार्टमधले (डिस्कच्या स्वतःच्या आरोग्य-नोंदीतले) रीअॅलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टर बघा. आकडे चढलेले दिसले तर डीडीरेस्क्यूने अख्ख्या डिस्कची नक्कल घ्या आणि दुरुस्ती नकलेवर करा. आजारी डिस्कवर एफएससीके म्हणजे ताप असलेल्याला मॅरेथॉनला पाठवणं.

पॅनिकचा दुसरा मोठा प्रकार 'अटेम्प्टेड टू किल इनिट'. इथे रूट मिळालेलं असतं, माउंट झालेलं असतं, पण पहिली प्रोसेसच मरते. ती मेली की कर्नलला जगण्यात रस उरत नाही. याही ओळीत आकडा असतो, एक्झिटकोड, आणि तोही फुकट छापलेला नसतो. ०एक्स००००७एफ०० म्हणजे प्रोग्रॅम १२७ देऊन बाहेर पडला; बहुधा एखादी शेअर्ड लायब्ररीच सापडली नाही, अर्धवट अपडेटमध्ये सी लायब्ररी लटकली की हे होतं. शेवटी ०बी असेल तर सिग्नल ११, म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट. शेवटी ०७ असेल तर बस एरर, आणि माझ्या पाहण्यात त्यामागे अनेकदा डिस्कवरून पान वाचताना आलेली चूक असते. इथे लोक 'इनिट=/बिन/बॅश' सुचवतात. सुचवतात ते चूक नाही, पण सी लायब्ररीच मोडली असेल तर बॅशही तिच्यावरच उभा आहे, तोही पडेल. सरळ पेनड्राइव्ह घ्या.

तिसऱ्या प्रकाराला ठरावीक ओळ नाही. प्रत्येक बूटला वेगळ्या ठिकाणी पडतो. तुम्ही सांगितलंत की पाचही वेळा तेच, ते मला महत्त्वाचं वाटलं. एकाच जागी ठेच लागत असेल तर दगड तिथे आहे: सॉफ्टवेअर किंवा सेटिंग. रोज नव्या जागी लागत असेल तर पायात दोष: रॅम, वीजपुरवठा, तापमान. तिथे मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) रात्रभर लावा; २०२२ च्या सहाव्या आवृत्तीपासून तो यूईएफआयवरही चालतो. तुलना करताना लांबलचक पत्ते जुळवत बसू नका, कर्नल दर बूटला स्वतःची जागा मुद्दाम बदलतो. 'आरआयपी' या (कर्नल नेमका कुठे पडला ते सांगणाऱ्या) ओळीतलं फंक्शनचं नाव जुळवा. आणि एकाहून अधिक ट्रेस असतील तर पहिलाच खरा. पुढचे त्याच्या धक्क्याने पडलेले.

नवा कर्नलच सदोष, असंही क्वचित होतं. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन ही प्रोसेसरमधली सुरक्षा-त्रुटी बुजवायच्या घाईत उबुंटू १६.०४ साठी ४.४.०-१०८ हा कर्नल आला आणि काही मशीनं त्यावर उठेनात, लगोलग ४.४.०-१०९ काढावा लागला. विंडोजवाल्यांनी १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष फायलीने तेच भोगलं, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख मशीनांवर. दुरुस्ती सोपी होती, एक फाइल उडवायची. पण बूटमध्येच पडणाऱ्या मशीनला नेटवर्कवरून औषध पाजता येत नाही, म्हणून अनेक ठिकाणी माणसांना मशीनपाशी जाऊन सेफ मोडमध्ये हातानेच ते करावं लागलं. तुमच्याकडे जुना कर्नल मेन्यूत शिल्लक असणं हे त्यांच्यापेक्षा चांगलं नशीब आहे. म्हणून जागा करताना निदान एक चाललेला कर्नल ठेवाच.

सर्वांत शेवटी एक शंका, जी तुमच्या पत्रातल्या 'वीज दुसऱ्या दिवशी आली' या शब्दांवरून आली. सर्व्हर किती जुना आहे? मदरबोर्डवरची सीमॉस बॅटरी संपलेली असेल तर रात्रभर वीज नसताना बायोसच्या सेटिंग्ज मूळपदाला जातात. काही बोर्डांवर मूळपद म्हणजे साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) 'रेड', आणि तुमचं उबुंटू मांडलेलं 'एएचसीआय'वर. मग लिनक्सला डिस्क दिसत नाही. तुमच्या (०,०)शी हे नीट जुळत नाही, अशा वेळी बिझीबॉक्सचा प्रॉम्प्ट यायला हवा होता. पण इनिटआरडी दुरुस्त केल्यावर नेमका तोच प्रॉम्प्ट समोर आला तर हिरमुसू नका, दुसरा अडथळा पहिल्यामागे दडलेला होता इतकंच. बायोसमध्ये जाऊन आधी घड्याळ बघा. तारीख काही वर्षं मागची दिसली की हार्डवेअरवाल्याला परत बोलवा आणि सीआर २०३२ बॅटरी बदलायला सांगा. तेवढं काम त्याचंच आहे.